उसना संसार

दाराखालून सरकवलेली चिठ्ठी हातात धरून रोसाउरा सुटकेसवर बसली होती. सुटकेसवर अशासाठी, की तिच्या घरात बसण्याजोगी तेवढीच वस्तू होती. चिठ्ठी गल्लीच्या पोलिसाची होती. ‘नोंदणीसाठी येऊन गेलो. आपण घरी नव्हतात. पुन्हा येईन. लीव्हेन.’ कधी येणार, ते लिहिलं नव्हतं. बेल्जियममधल्या गेंटमध्ये नवं माणूस राहायला आलं, की सांगितलेल्या पत्त्यावर ते खरोखर राहतं की नाही हे बघायला पोलीस येतो, आणि तो आधी सांगून आला तर बघण्यात काय अर्थ राहिला?

रोसाउरा चिलीतल्या वाल्दिव्हियाची. तिचा अभ्यासाचा विषय दगडफूल. आपण जे मसाल्यात घालून मोकळे होतो, त्याच्यावर तिने उभी हयात काढायचं ठरवलं होतं. गेंटच्या जुन्या भिंतींवर ते भरपूर उगवतं, म्हणून तिथल्या विद्यापीठाने तिला बोलावून घेतलं. सुरुवातीला ती भिंग घेऊन गल्लीतल्या भिंती तपासत हिंडायची, तेव्हा लोकांना वाटलं, आता घरपट्टी वाढणार. मग कळलं की बाईंना भिंतीवरचे डाग आवडतात. शेजारच्या गोदेलीव्हबाईंना याचं इतकं कौतुक वाटलं, की पाहुणीच्या मानासाठी त्यांनी आपली पुढची भिंत सोडा लावून घासून लख्ख केली. रोसाउराला हवा असलेला सगळ्यात चांगला नमुना नेमका त्या भिंतीवर होता. तिने आभार मानले. इतक्या प्रेमाने भिंत घासणाऱ्या बाईला काय बोलणार?

“एकदा येऊन गेला ना? मग आता तो कधीही येईल,” दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बेहनाम म्हणाला. तिच्या शेजारच्या टेबलावरचा हा तेहरानचा बेहनाम परदेशी संशोधकांचा कायदेपंडित होता. त्याला सगळे नियम ठाऊक होते, आणि त्यातले काही तर सरकारलाही ठाऊक नव्हते. “घरात सामान काय काय आहे तुझ्या?”

“दोन सुटकेसा, एक गादी, एक पातेलं. आणि टूथब्रश.”

“आटोपलं मग! त्या व्हिएतनामच्या पोराचं असंच झालं. पोलिसाने बघितलं, घर रिकामं. लिहून मोकळा झाला, इथे कोणी राहत नाही. किती महिने लटकला बिचारा.”

“अरे, पण सामान आणू कशाने? पगार कुठे हातात येतोय?”

“पगार बँकेत येतो.”

“बँक खातं उघडत नाही. रहिवासाचं कार्ड आणा म्हणते.”

“कार्ड नोंदणी झाल्यावर मिळतं.”

“आणि नोंदणी घरात खुर्ची असल्यावर!”

“बघ, रुळलीस तू इथे,” बेहनाम समाधानाने म्हणाला आणि सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसला.

रोसाउराला खुर्चीचं काहीच नव्हतं. जमिनीवर बसून ती जन्मभर जेवली असती. पण तिची सात वर्षांची मुलगी, रायेन, तिकडे आजीजवळ होती, आणि आईच्या हातात कार्ड पडल्याखेरीज मुलीचा अर्जसुद्धा कोणी घेणार नव्हतं. रोज फोनवर रायेन विचारायची, “आई, आज बोलावतेस का मला?” सप्टेंबरात शाळा उघडायच्या आत पोर इथे यायला हवी होती. त्या एका प्रश्नाला उत्तर नाही म्हणून रोसाउराला फोन ठेवल्यावर पाणी प्यावं लागायचं.

त्याच संध्याकाळी तिने गोदेलीव्हबाईंचं दार वाजवलं आणि थोडे दिवस एक खुर्ची मिळेल का, असं लाजत लाजत विचारलं. का हवी, तेही सांगितलं. गोदेलीव्हबाई सत्तरीच्या, नवरा गेल्यापासून एकट्या. बोलण्याचा साठा मात्र दोघांचा होता.

“एक खुर्ची? अगं पोरी, एका खुर्चीवर माणूस राहत नाही, माणूस दबा धरून बसतो! पोलिसाला काय वाटेल? थांब तू. मार्सेल! ए मार्सेल! वर ये, आणि हात धुऊन ये!”

त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारा मार्सेल ट्राम चालवून निवृत्त झालेला. त्याच्या घरात एक आरामखुर्ची होती, तिच्यात बसून तो सायकलच्या शर्यती बघायचा. ती खुर्ची त्याने सख्ख्या भावाला दिली नव्हती. रोसाउराच्या मुलीची गोष्ट ऐकली आणि तो मुकाट्याने खाली जाऊन ती खुर्ची जिन्यावरून ओढत घेऊन आला.

“शर्यतीच्या दिवशी परत नेईन हां,” तो धापा टाकत म्हणाला. “त्या दिवशी उभं राहून बघितली तर आपला गडी हरतो. अनुभव आहे.”

मग कोणी कोणाला आवरेना. गोदेलीव्हबाईंनी टेबल आणलं, टेबलावरचा लेसचा रुमाल आणला, कॉफीची किटली आणली. बाई एकटी राहते हे जगाला कशाला कळायला हवं, म्हणून आपल्या कैलासवासी नवऱ्याचा गाऊन दाराच्या खुंटीला लावला आणि त्याच्या सपाता खाली जोडीने मांडल्या. मार्सेल म्हणाला, घरात जिवंत काहीतरी दिसलं पाहिजे, आणि पिंजऱ्यासकट आपली कॅनरी खिडकीत ठेवून गेला. समोरच्या शिवणाच्या दुकानातली तुर्की नेझाहत चार मुलांची आई. मुलं मोठी झाली तरी धाकट्याचा पलंग तिने मोडीत काढला नव्हता. तो तिने दोन मुलांकडून उचलून आणवला, त्यावर धुतलेली चादर घातली आणि दृष्ट लागू नये म्हणून उशाला निळा डोळ्याचा मणी बांधला.

“रायेनला आता कशाला पलंग? ती अजून आली नाही,” रोसाउरा म्हणाली.

“पलंग आधी आला की माणूस मागून येतं,” नेझाहत म्हणाली. “आमचं तर गावच्या गाव असं आलं इथे.”

रोसाउरा सगळ्यांना नको नको म्हणत होती, पण तिच्या नकोला त्या गल्लीत काही किंमत उरली नव्हती. इतकी माणसं एका अनोळखी बाईसाठी जिना चढतात-उतरतात, हे बघून तिला नीट भांडताही येईना. रात्री घर असं काही दिसत होतं, की तीन पिढ्या तिथे नांदत असाव्यात.

लीव्हेन आला तो नेमका शर्यतीच्या दिवशी. गोदेलीव्हबाईंच्या खिडकीबाहेर रस्त्यावरचं येणं-जाणं बघण्यासाठी छोटा आरसा लावलेला असतो. त्यात पोलिसाची टोपी दिसताच त्यांनी ठरल्याप्रमाणे भिंतीतल्या नळावर पळी आपटली. रोसाउराने घाईघाईने कॉफी चढवली. लीव्हेन पन्नाशीचा, जाडजूड, सभ्य माणूस. जिना चढून दमला होता, त्यामुळे सरळ मार्सेलच्या आरामखुर्चीत जाऊन बसला आणि “वा!” म्हणाला.

मग त्याने आजूबाजूला पाहिलं. त्याची नजर खुंटीवरून सपातांवर आली.

“तुमचे यजमान कामावर गेलेत?”

“यजमान नाहीत.”

“बाहेरगावी?”

“नाहीतच. म्हणजे मला नाहीत.”

लीव्हेनने सपातांकडे पुन्हा पाहिलं. चांगल्या वापरलेल्या होत्या. तेवढ्यात त्याला आतल्या खोलीतला पलंग दिसला.

“मूल आहे का?”

“आहे. मुलगी. पण इथे नाही.”

“पलंग आहे.”

“पलंग आहे, मुलगी नाही.”

“सपाता आहेत, नवरा नाही,” लीव्हेन हळूच म्हणाला आणि त्याने पेन बाहेर काढलं. “बाई, अर्जात एकच माणूस लिहिलंय तुम्ही. घरात बघावं तर तिघांचं बिऱ्हाड दिसतंय. नोंद न करता आणखी कोणी राहत असेल, तर मला प्रकरण चौकशीला पाठवावं लागेल. किती दिवस लागतील ते माझ्या हातात नाही.”

घर रिकामं म्हणून बुडू नये याची इतकी तजवीज केली, आणि आता ते भरलेलं म्हणून बुडत होतं. सप्टेंबर रोसाउराच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. ती काही बोलणार, तोच दार उघडून मार्सेल आत आला.

“माफ करा, पण शर्यत सुरू झाली. माझी खुर्ची,” असं म्हणून त्याने खुर्चीत कोण आहे ते बघितलं. “अरे, लीव्हेन! उठतोस का जरा?”

“ही खुर्ची तुझी?”

“छे! म्हणजे होती. म्हणजे हिचीच आहे, पण शर्यतीपुरती माझी.”

जिन्यात मार्सेलची पावलं वर जाताना ऐकून गोदेलीव्हबाईंना राहवेना. हा आता सगळं बिघडवणार, याची त्यांना खात्री होती. त्या धावत आल्या आणि त्यांनी उरलंसुरलं बिघडवलं.

“लीव्हेन, तू ह्याचं काही ऐकू नकोस. आणि तो गाऊन तर मुळीच मनावर घेऊ नकोस. तो राहत नाही इथे.”

“कोण राहत नाही?”

“गाऊनवाला.”

“मग कुठे राहतो?”

“स्मशानात! माझा नवरा तो. तू आला नव्हतास का त्याच्या मातीला? कॉफी प्यायला होतास दोन कप!”

लीव्हेनने टोपी काढून डोकं खाजवलं. “गोदेलीव्ह, तुमच्या मयत नवऱ्याचा गाऊन ह्या बाईंच्या खुंटीवर का?”

खोटं बोलण्यात पटाईत माणूस त्या खोलीत एकही नव्हता, ही तिघांची मोठीच अडचण होती. शेवटी रोसाउरानेच तोंड उघडलं. बेहनाम, व्हिएतनामचा पोरगा, बँक, पगार, खुर्ची, सगळं तिने सांगून टाकलं. “यातलं माझं काही नाही,” ती म्हणाली. “सगळं उसनं आहे.”

“त्याचा पुरावा?”

“पुरावा? आत्ता देते,” गोदेलीव्हबाई उसळल्या. “मार्सेल, घे रे!”

मग तो उसना संसार आला होता त्याच्या दुप्पट वेगाने निघाला. मार्सेलने लीव्हेनला हाताला धरून उठवलं आणि खुर्ची ओढत नेली. ती जिन्याच्या वळणावर अडकली, तेव्हा लीव्हेनलाच जाऊन एक पाय धरावा लागला. टेबल गेलं, रुमाल गेला, गाऊन आणि सपाता गेल्या, किटली त्यातल्या कॉफीसकट गेली. कॅनरी गेली तेव्हा घर एकदम शांत झालं. लीव्हेन घाम पुसत पुन्हा वर आला, तर खोलीत रोसाउरा उभी होती आणि तिच्या दोन सुटकेसा. भिंतीशी गादी, मोरीत पातेलं, पेल्यात टूथब्रश. बेहनामने सांगितलं होतं तसंच अगदी, जिथे कोणी राहत नाही असं घर.

“संपलं,” ती स्वतःशीच म्हणाली.

लीव्हेनने गादी पाहिली, टूथब्रश पाहिला. कागद भिंतीला टेकवून उभ्याउभ्याच लिहायला घेतलं.

“काय लिहिताय?”

“राहते.”

“पण घर तर रिकामं आहे!”

“माझंही आहे. घटस्फोट झाला, तेव्हा सामान तिने नेलं. मी एका खुर्चीवर राहतो, आणि माझी नोंदणी करायला मीच गेलो होतो.” त्याने खाली सही ठोकली. “आणि तो व्हिएतनामचा पोरगा? त्याच्याकडे मी कितीदा गेलो. घरात फर्निचर होतं, तोच नव्हता. प्रयोगशाळेत झोपायचा. खुर्च्यांची नोंद नसते हो, माणसाची असते. आणि मार्सेल ज्या माणसासाठी ती खुर्ची जिना चढवतो, ते माणूस इथे राहत नाही असं मी लिहिलं, तर उद्या मला ह्या गल्लीत पाय ठेवता येईल का?”

रोसाउराला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला कोणतंच धड जमेना. लीव्हेनने कागद घडी करून खिशात घातला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

“तो पलंग राहिला. तो कोणाचा?”

“तो माझ्या मुलीचा,” रोसाउरा म्हणाली. हे तिने ठरवून सांगितलं नव्हतं, ते तिला बोलतानाच खरं वाटलं. “रायेन नाव तिचं. ती यायची आहे.”

“आली की मला परत यावं लागेल. तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहिता येत नाही.” तो दारात थबकला. “म्हणजे शाळा सुटल्यावरच यायला हवं. कुठल्या शाळेत घालताय?”

“नदीकाठच्या नन्सच्या शाळेत,” गोदेलीव्हबाई जिन्यातून म्हणाल्या.

“अजिबात नाही!” खालून मार्सेल ओरडला. त्याने शर्यतीचा आवाज बंद केला, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. “तिथे पोरांना अंगणात धावू देत नाहीत! ट्रामच्या आगाराजवळची शाळा चांगली!”

“हो, म्हणूनच तू असा झालास!”

“माझी दोन्ही मुलं आगाराजवळच्याच शाळेत गेली,” लीव्हेन म्हणाला, आणि टोपी हातातच ठेवून भांडणात पडला. आवाज ऐकून समोरून नेझाहत रस्ता ओलांडून आली. काय चाललंय ते विचारून घेतलं आणि दोन्ही शाळा वाईट आहेत असं तिने सांगितलं.

रोसाउराने फोन लावला. वाल्दिव्हियात सकाळ होती. रायेनने नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच तिला जिन्यातला गोंगाट ऐकू आला.

“आई, कोण भांडतंय?”

“आपले शेजारी,” रोसाउरा म्हणाली. “तुझी शाळा ठरवतायत.”