नऊ दिवसांची बरखास्ती-चाचणी

मरायला वेळ लागत नाही, मेल्याचा दाखला मिळायला लागतो. नगरपालिकेचंही तसंच.

या नगरपालिकेची तिजोरी रिकामी होऊन चार वर्षं झाली होती (तिजोरी ठणठणीत होती; तीत लेखापाल जेवणाचा डबा ठेवत). पण नियम असा, की दिवाळं निघालं म्हणून पालिका बरखास्त होत नाही. तिच्यावाचून कुणाचंच अडत नसेल, तरच होते. म्हणून वरून आलेल्या तपासनिसाने आदेश काढला : कार्यालय नऊ दिवस गुपचूप बंद ठेवावे. कुणाच्या ध्यानात न आल्यास दहाव्या दिवशी बरखास्त समजावे.

लेखापालांना सगळे शिल्लककाका म्हणत. निवृत्तीला सात महिने उरलेले. पालिका गेली की पेन्शनही गेलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचे दिवे लागले नाहीत (गेल्या वर्षीही लागले नव्हते). तिसऱ्या दिवशी नळ कोरडे. पण तो वारच कोरडा. पाचव्या दिवशी साचलेल्या कचऱ्याची दखल फक्त कुत्र्यांनी घेतली, आणि त्यांचं मत अनुकूल होतं.

"अहो, तुम्ही तरी तक्रार करा," शिल्लककाकांची बायको म्हणाली.

"मी कर्मचारी आहे."

"मग मी करते."

"थकबाकीदाराची तक्रार घेत नाहीत."

"मी थकबाकीदार? घर तुमच्या नावावर आहे!"

शिल्लककाकांनी विषय बदलला.

नवव्या दिवशी सकाळी मात्र कुलूपबंद दारासमोर शिंप्याने बोंब ठोकली. तपासनीस वही घेऊन धावला.

"काय अडलं तुमचं?"

"रोज दुकान उघडायच्या आधी इथे चार शिव्या हासडून जातो, साहेब. आठ दिवस घरात हासडतोय. बायको माहेरी गेली!"

त्याच्यामागे रांग लागली. न्हाव्याकडे गिऱ्हाइकांशी बोलायला विषय उरला नव्हता. निवृत्त मास्तरांना तर डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं : रक्तदाबासाठी सकाळ-संध्याकाळ पालिका, जेवणाआधी. दुपारपर्यंत नोंदी भरल्या तीनशे बारा.

तपासनिसाने शेरा मारला, 'अत्यावश्यक सेवा', आणि तो निघून गेला.

उरला पैशाचा प्रश्न. शिल्लककाकांनी त्याच रात्री शिवीपट्टीचा तक्ता केला : साधी शिवी, मूळ दर; घराण्याचा उद्धार, दुप्पट; पालिकेची गोष्ट वाचून हसणे, निम्मा दर (मनातल्या मनात हसल्यास सूट नाही). सात महिन्यांनी त्यांचं पहिलं पेन्शन यातूनच निघालं.

दुसऱ्या पेन्शनला थोडे पैसे कमी पडताहेत. तुम्ही तिजोरीतल्या डब्यापाशी हसलात, त्याची नोंद झाली आहे. पावती घरपोच येईल, मागील थकबाकीसह.