मैदा, पाक आणि शार्कचा चावा

डेरी या आयरिश शहराच्या नगरपालिकेत कुत्र्यांचे परवाने देणारा मॅलकी डीनी हा तसा निरुपद्रवी माणूस. अकरा वर्षांच्या नोकरीत एकाही कुत्र्याने त्याच्याविरुद्ध तक्रार केली नव्हती. (मालकांनी केल्या होत्या, पण ते चालायचंच.) अशा माणसाने त्या सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या, कुणी विचारलेलं नसताना, जाहीर केलं, "यंदा ऑर्लाची जखम मी घरी करणार."

ऑर्ला म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी. गेल्या हॅलोविनला, म्हणजे भुतंखेतं बनून फिरायच्या सणाला, बाजारातल्या रंगाने तिच्या गालावर पुरळ उठलं होतं आणि चेटकीण व्हायच्या ऐवजी ती आठवडाभर टोमॅटो होऊन फिरली होती. यंदा तिला शार्कने चावलेली खलाशीण व्हायचं होतं. सोंगांची मिरवणूक, आणि तिच्यातच गुणांची स्पर्धा, हॅलोविनच्या संध्याकाळी साडेसहाला निघायची होती, आणि तोवर चार दिवस होते.

"घरी म्हणजे कशाची?" त्याची बायको ब्रोना म्हणाली. तिचा सूर अनुभवाचा होता. न्हाणीघराची फरशी मॅलकीनेच घरच्या घरी बसवली होती.

"मैदा आणि व्हॅसलीन. रक्ताला पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. पोटात गेलं तरी काही होणार नाही."

"आणि डोळ्यात गेलं तर?"

"कोपराच्या वर लावायचंच नाही. आणि आधी थोडं लावून एक दिवस बघायचं."

एवढी जबाबदारीची भाषा त्याच्या तोंडून ऐकून ब्रोना गप्पच बसली. मॅलकीला ती संमती वाटली.

पहिली जखम त्याने स्वतःच्या हातावर केली. ती इतकी गुलाबी झाली, की शार्क नव्हे, एखादा वाढदिवसाचा केक चावल्यासारखं दिसत होतं. दुसरीत मैदा जास्त झाला आणि तिला तडे गेले. तिसरी मात्र जमली. कडा चमच्याच्या दांड्याने उचललेल्या, मधे कोकोचा काळपटपणा, वरून पाकाचा ओघळ. मॅलकी ती आरशात सर्व बाजूंनी बघत राहिला. आपण उगाच कुत्र्यांच्या खात्यात आयुष्य घालवलं, असं त्याला मनापासून वाटलं. दिवसभरात पुरळही उठलं नाही.

हॅलोविनच्या दुपारी ऑर्लाच्या हातावर जखम चढली. पोरगी खूश. पण मॅलकीला तेवढ्यावर थांबवेना. अजून एक ओघळ हवा, म्हणून त्याने पाकाचा नवा डबा घेतला आणि झाकणाखाली सुरीचं टोक घातलं. झाकण हललं नाही. सुरी हलली.

डाव्या तळव्याकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "ब्रोना, मला कापलंय."

ब्रोना ऑर्लाच्या टोपीला टाके घालत होती. तिने मान वर करून पाहिलं. "छान. पण जरा भडक झालंय."

"डॅडी, कोको घाल," ऑर्ला म्हणाली. "हे खरं वाटत नाही."

"हे खरं आहे."

"रोज हेच म्हणतोस," ब्रोना म्हणाली. चार दिवस ती येता-जाता ते लाल रक्त चाखत होती. त्याच सवयीने तिने ओट्यावर सांडलेल्या थेंबात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यात मीठ कुणी घातलं?"

मॅलकी हळूच खुर्चीवर बसला. मग तिला समजलं.

साडेपाचला तिघं कॅज्युअल्टीत पोचली. तिथे आधीच दोन भुतं आणि डोक्यात कुऱ्हाड रुतलेला एक पाद्री बसला होता. (पाद्र्याचा पाय मुरगळला होता.) दारातल्या नर्सने एक नजर टाकली, धावत आली आणि ऑर्लाला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं.

"हात हलवू नकोस हं बाळा."

"ती नाही, मी," मॅलकी तळव्यावरचं फडकं दाखवत म्हणाला.

"तुम्ही बसा. तुमचं कळतंय मला. दरवर्षी कुणीतरी रंग लावून येतंच." तिने ऑर्लाच्या जखमेला अलगद कापूस लावला. जखम सबंधच्या सबंध निघून तिच्या हातात आली. नर्सने ती उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला. "हा मैदा आहे?"

"आणि व्हॅसलीन," मॅलकी म्हणाला. हात ठणकत होता, फडकं भिजलं होतं, तरी त्याच्याने राहवेना. "दोनास एक. कोको शेवटी घालायचा."

नर्सने ते त्याच्याच नावाच्या कागदामागे लिहून घेतलं. तिलाही दोन मुली होत्या. मग तिने त्याचा तळवा धुऊन पाहिला. "एवढंच? टाकेसुद्धा नकोत."

मॅलकीला बरं वाटायला हवं होतं. त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण इकडे शार्कचा चावा कचऱ्याच्या टोपलीत गेला होता, आणि ऑर्लाचा ओठ थरथरायला लागला होता. मिरवणुकीला अर्धा तास उरला होता. नर्सने तिच्याकडे पाहिलं, खरं बँडेज काढलं, खांद्यापासून मनगटापर्यंत गुंडाळलं, हात झोळीत अडकवला आणि वर लाल औषधाचे चार डाग पाडले. दोन मिनिटांत झालं. मॅलकीच्या चार दिवसांच्या कलेपेक्षा ते कितीतरी भयंकर दिसत होतं. बँडेज तिथेच संपल्यामुळे मॅलकीच्या तळव्याला मुलांच्या खोक्यातली पट्टी मिळाली. तिच्यावर हिरवा डायनोसॉर होता, हसरा.

मिरवणुकीत ऑर्लाकडे बघून लोक वाट करून देत होते. ती मान ताठ ठेवून चालली होती, आणि मागून मॅलकी, हात छातीशी धरून. वळणावर नोंदवही घेऊन उभ्या असलेल्या परीक्षक बाईंनी ऑर्लाला पूर्ण गुण दिले आणि त्याला थांबवलं.

"आणि तुम्ही काय झालाय?"

"मी जखमी झालोय," मॅलकी म्हणाला.

बाईंनी चष्मा नाकावर सरकवून त्याचा तळवा नीट निरखला आणि त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं.

"घरात एवढी हुशार मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याकडून शिकून घ्या जरा."