बरणीतला मेंदू

शनिवारी सकाळी साडेनऊला प्रमिलाबाईंनी फळीवरचा गंजका बिस्किटाचा डबा उघडला, आत पाहिले आणि त्या खाली बसल्या.  

“माय वं! बिस्किटना डबामाथीन कानबाई कोठे गई?”

सुनेच्या, सारिकाच्या हातातली पीठचाळणी निसटली. सूप परत द्यायला आलेल्या शेजारच्या कमलबाई दारातच थिजल्या. दुसऱ्या दिवशी, श्रावणातल्या रविवारी, घरात खानदेशची देवी कानबाई बसायची होती. त्या घराण्याची कानबाई म्हणजे नथ-डोळे लावून सजवायचा एक नारळ. प्रमिलाबाईंच्या सासूने साठ वर्षांपूर्वी तो वाजतगाजत परणून, म्हणजे देवीचे लग्न लावून, आणला होता. उत्सव संपला की तो दागिने उतरवून पुढच्या श्रावणापर्यंत डब्यात राही. नारळ नाही तर कानबाई नाही. आणि एरंडोल-जळगावकडचे एकवीस भाऊबंद उद्या सकाळी हजर होणार होते. त्यांच्यासमोर जबाब द्यायचा होता तो एकट्या प्रमिलाबाईंना.

शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा प्रेमराज पोहे खात होता. शिंदखेड्याच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवत असे. ‘बिस्किटना डबा’ हे शब्द कानावर पडले आणि त्याचा घास गिळायचा राहिला.

गेली वीस वर्षे कानबाईच्या दिवशी प्रेमराज पेपर तपासायला म्हणून शाळेत निघून जाई. त्यामुळे देवी कोणत्या डब्यात राहते, ही प्राथमिक माहिती त्याच्याजवळ नव्हती. फेब्रुवारीत विज्ञान दिनासाठी त्याने एक नाटुकले बसवले. त्यासाठी वेड्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा हवी होती. लोणच्याची काचेची मोठी बरणी, सलाईनच्या नळ्या, हळद आणि निळीचे हिरवे पाणी, बुडबुड्यांसाठी माशांच्या टाकीचा पंप, हे सारे जमले. बरणीत तरंगणारा मेंदू तेवढा राहिला. फळीवरच्या डब्यात त्याला नारळ सापडला. हलवून पाहिला तर आत पाणी वाजले. कुणाच्या तरी ओटीतला ताजा नारळ असावा, असे अनुमान त्याने काढले. त्यावर सुतळीच्या वळकट्या चिकटवून गुलाबी रंग दिला आणि रिकामा डबा जागच्या जागी ठेवला. पंप सुरू होताच पहिल्या रांगेतल्या दोन पाहुण्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. प्रेमराजला ती दाद वाटली. नंतर बरणी मेंदूसकट प्रयोगशाळेच्या कपाटात गेली.

“तुम्ही घेतला का हो?” सारिका दारात येऊन उभी राहिली.

“मी? नारळ?” प्रेमराज म्हणाला. त्याने आयुष्यात खोटे विधान केले नव्हते. हे दोन प्रश्न होते. प्रश्न म्हणजे विधान नव्हे. तो मोटारसायकल काढून शाळेकडे निघाला.

प्रयोगशाळेच्या दाराशी शिपाई जीवराम भेटला. त्याने कपाटाची चावी दोन बोटांत धरून, हात लांब करून दिली.

“तुम्हीच उघाडा, सर. मी नही उघाडस.”

“का?”

“ते भेजं वाढी ऱ्हायनं. जूनपाईन देखी ऱ्हायनू मी.”

“जीवराम, तो मेंदू सुतळीचा आहे. सुतळी वाढत नाही.”

“मंग हाई तिलेच सांगा.”

अंधश्रद्धेचा उगम निरीक्षणाच्या अभावात असतो, असे सांगत प्रेमराजने कपाट उघडले. बरणीतले पाणी आटून निम्म्यावर आले होते. गुलाबी वळकट्यांतून वीतभर लांबीचा, पिवळट, टोकदार कोंब वर आला होता आणि त्याने बरणीचे झाकण उचलून तिरपे केले होते. प्रेमराज दोन पावले मागे सरला. दोनच, कारण मागे जीवराम होता.

“सांगं व्हतं ना?” जीवराम त्याच्या पाठीमागून म्हणाला.

सुतळी सोलून रंग खरवडायला अर्धा तास गेला. एका बाजूचा गुलाबी डाग काही केल्या निघेना. मग जीवराम नारळ मांडीवर घेऊन मोटारसायकलवर मागे बसला. कोंब वाऱ्यावर हलत होता. प्रेमराजने ‘कुणाशी बोलू नको’ असे बजावले होते, पण चौकातून जाताना बोलण्याची गरजच उरली नाही.

घरी पोहोचताच तो थेट आईसमोर उभा राहिला. “माय, मी घेतला होता. शाळेच्या नाटकासाठी. चुकलो.”

वीस वर्षांतला हा त्याचा पहिला कबुलीजबाब कुणीही ऐकला नाही. प्रमिलाबाई कोंबाकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कमलबाईंनी सूप टाकून जमिनीला डोके टेकवले.

“साठ वरीसना नारयले कोंब! आन् गाल बी देखा, कसा गुलाबी व्हयना! कानबाई हासनी वं, बाई!”

पाव तासात अंगण भरले. हळदकुंकू आले. चपला काढायला जागा उरली नाही. कमलबाई प्रेमराजकडे वळल्या.

“बोल मास्तर, आते काय सांगस तुन्हं सायन्स?”

प्रेमराजचे उत्तर तयार होते. वर्गात तो असा युक्तिवाद कितीदा तरी करत आला होता. “साठ वर्षांच्या नारळात पाणी राहत नाही. खोबरं मेलेलं असतं. त्याला कोंब फुटणं अशक्य आहे. म्हणजेच हा नारळ साठ वर्षांचा…”

इथे अनुमान त्याच्या जिभेच्या एक पाऊल पुढे गेले. फेब्रुवारीत पाणी वाजले होते. त्याने आईकडे पाहिले. प्रमिलाबाईंनी पदराचे टोक मुठीत आवळले होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. अंगणातली सगळी माणसे पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.

“…म्हणजे,” प्रेमराज म्हणाला, “विज्ञानाला अजून सगळं कळलेलं नाही.”

हे विधान होते.

अंगणात जयजयकार सुरू झाला, तेव्हा मायलेक आतल्या खोलीत होते.

“माय, हा नारळ कधीचा?”

“मांगला वरीसना. बजारमाथीन लयेल.”

“आणि आजीचा?”

प्रमिलाबाईंनी भिंतीकडे बोट केले. तिथे चौकटीत प्रेमराजचे सातवीतले प्रमाणपत्र होते: जिल्हा विज्ञान प्रदर्शन, ‘जागृत ज्वालामुखी’, तिसरे बक्षीस. आपल्या वैज्ञानिक दृष्टीचा उगम म्हणून तो ते पाहुण्यांना दाखवत असे.

“तो ज्वालामुखी कसाना करा व्हता, याद शे?”

नारळाची करवंटी. आत सोडा आणि लिंबू. प्रेमराजने भिंतीचा आधार घेतला.

“परदर्शनमा देखं, तं मन्ही सासूनी कानबाई फसफस करी ऱ्हायंती. बाजूले तू उभा, छाती फुगाडीसन.”

“मग मारलं का नाहीस मला?”

“तुले बक्षीस भेटनं व्हतं ना.” प्रमिलाबाईंनी घाम पुसला. “सासूले सांगं नही, तुन्हा बापले बी सांगं नही. तवयपाईन दर दोन-तीन वरीसले बदलस. एक डाव बदला, मंग दुसरा डावले काय? जुना खवट वास मारस.”

“मग सकाळी एवढी ओरडलीस कशाला?”

“रिकामा डबा देखीसन निंघी गयं तोंडमाथीन. कमलबाई दारमाच उभी. ती नही ऱ्हाती, तं दहा मिनिटमा दुसरा लयी येतू.”

 आपण घरातला एकमेव नास्तिक आहोत, या प्रेमराजच्या गृहीतकाला पुराव्याचा आधार उरला नव्हता.

“तुला भीती नाही वाटली? देवीची?”

“वाटनी ना!” प्रमिलाबाई दुखावल्या. “म्हनीसन तं डबा बदला नही. डबा सासूनाच शे.”

बाहेर कमलबाई मास्तरला आरतीला बोलावत होत्या. प्रेमराजने चौकट उतरवली, प्रमाणपत्र काढले, त्याची चौपदरी घडी केली आणि ती बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

“झाकन नीट लाव,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “उंदरे शेतस.”