कासव आळीतला रुमाल

फाउस्तो बिंदी सकाळी स्वयंपाकघरात आपला लाल-पिवळा रुमाल हलक्या हाताने इस्त्री करत होते. इटलीतल्या सिएनामध्ये आळीआळींच्या घोड्यांच्या शर्यतीचा आठवडा सुरू झाला होता, आणि प्रत्येक आळीच्या रुमालाचे रंग वेगळे असतात. या आठवड्यात फाउस्तोंच्या गोगलगाय आळीतला माणूस गळ्यात रुमाल न बांधता दिसला, तर शेजारी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. लाविनिया आत आली आणि तिने इस्त्रीची वायर काढली.

"आज नाही, बाबा."

आज तिची होणारी सासू एर्मेलिंदाबाई इव्रेआहून येणार होत्या. शहर पायी हिंडून पाहायचं आणि लग्न सिएनात करायचं की इव्रेआत ते ठरवायचं, असा त्यांचा बेत होता. फाउस्तोंना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. लेकीचा हात धरून घराच्या दारापासून आळीतल्या छोट्या चर्चपर्यंत चालत जायचं. त्यांचं स्वतःचं लग्न तिथेच झालं होतं, आणि लाविनियाच्या आईला शेवटचा निरोपही तिथूनच दिला होता.

"एदोआर्दो म्हणतो, त्याची आई फार समंजस आहे," लाविनिया म्हणाली. "मीही तुमच्याबद्दल तेच सांगितलंय. तेव्हा शर्यतीचं नाव काढायचं नाही. कासवांबद्दल एक शब्द नाही."

"मी कुठे काय बोलतो?"

"दवाखान्यात भिंतीवरचं कासवाचं चित्र उलटं करून ठेवलंत."

"मत्स्यालयाचं कॅलेंडर होतं ते. कासवाऐवजी मासा छापला असता तरी चाललं असतं."

गोगलगाय आळी आणि कासव आळी यांचं वैर इतकं जुनं होतं की त्याचं कारण कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचं तरी कसं हेही कुणाला कळत नव्हतं. तरी फाउस्तोंनी वचन दिलं. रुमालाची नीट घडी करून तो खणात ठेवला आणि उघड्या गळ्याने, कपडे न घालता निघाल्यासारखे, ते बाहेर पडले.

एर्मेलिंदाबाई बारीक चणीच्या, निवृत्त गणितशिक्षिका होत्या. त्या कमी बोलत आणि सगळं बघत. कॅथीड्रल झालं, मोठा चौक झाला. मग त्या म्हणाल्या की सेंट ऑगस्टीनच्या चर्चमधलं एक चित्र त्यांना पाहायचं आहे. ते चर्च कासव आळीत होतं, आणि शत्रूच्या हद्दीत पाय ठेवायचा नसतो. लाविनियाने वडिलांकडे पाहिलं, आणि ते "चला की," म्हणाले.

ते चालू लागले खरे, पण पाय ऐकेनात. सरळ रस्ता आला की फाउस्तो डावीकडे वळत. एकदा म्हणाले, इकडे सावली आहे. एकदा म्हणाले, तिकडे खोदकाम चाललंय. एका चढावर तर, हा उतार गुडघ्यांना बरा, असंही ते म्हणाले. कोपऱ्यावरचं आइस्क्रीमचं दुकान पुन्हा आलं तेव्हा एर्मेलिंदाबाईंनी शांतपणे विचारलं, "मघाच्या दुकानाची ही शाखा आहे का?"

लाविनिया म्हणाली, "बाबांना हे शहर सगळ्या बाजूंनी दाखवायला आवडतं." पण बोलताना तिने वडिलांच्या बुटावर पाय दिला.

इतकं चालल्यावर व्हायचं तेच झालं. बाईंच्या टाचेला फोड आला. लाविनिया पट्टी आणायला औषधाच्या दुकानाकडे धावली. बाईंना टेकायला जागा हवी होती, आणि समोर, अरुंद गल्लीच्या पलीकडे, एका कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्च्या होत्या. भिंतीवर मात्र चिनी मातीचं छोटंसं कासव बसवलेलं होतं. हद्द तिथून सुरू होत होती.

बाई लंगडत पलीकडे जाऊन बसल्या. फाउस्तो अलीकडे, भर उन्हात उभे राहिले.

"तुम्ही येत नाही?" बाईंनी विचारलं.

"मला उभं राहायला आवडतं."

दुकानाचा मालक रेन्झो बाहेर आला. तो आणि फाउस्तो शाळेत एका बाकावर बसत; शर्यतीच्या आठवड्यात मात्र एकमेकांना ओळख देत नसत. त्याने बाईंसमोर थंड पाणी ठेवलं, मग दाराला टेकून गल्लीपलीकडे पाहिलं.

"फाउस्तो, सावलीत ये की. उन्हात गोगलगायी सुकतात म्हणे."

फाउस्तोंनी ओठ घट्ट मिटले. आज त्यांनी वचन दिलं होतं.

"आज बोलतही नाही का हा?" रेन्झोने बाईंना विचारलं. "शिंगं आत घेतलेली दिसतात." मग अगदी आदबीने त्याने गळ्यातला पिवळा-निळा रुमाल सोडला, थंड पाण्यात भिजवला आणि उन्हाने लाल झालेल्या बाईंच्या मानेवर बांधला. "घरापर्यंत काढू नका हं. ऊन फार आहे."

लाविनिया परत आली ती तो रुमाल बघून जागच्या जागी थबकली. बाईंच्या टाचेची अवस्था पाहता चित्र रद्द झालं. आता घरी जायचं होतं, आणि घराचा रस्ता गोगलगाय आळीतून होता, जिथे संध्याकाळच्या पंगतीसाठी सगळी आळी टेबलं मांडत होती.

रुमाल काढा, एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं, आणि समंजस बाप संपला असता. फाउस्तोंनी लेकीकडे पाहिलं. मग बाईंसमोर हात केला. "धरा. आपण सावकाश जाऊ."

ते आळीत शिरले तशी टेबलं सरकण्याचा आवाज थांबला. खिडकीतून चादर झटकणारी बाई चादर तशीच धरून उभी राहिली. शत्रूचा रुमाल बांधलेल्या बाईंना हाताचा आधार देत फाउस्तो मान ताठ ठेवून चालत राहिले. त्यांचे कान मात्र लालबुंद झाले होते. मागून येणाऱ्या लाविनियाचे डोळे भरून आले.

घरात आल्यावर बाई खुर्चीत बसल्या. "फाउस्तो, काहीतरी लपवत वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाचा चेहरा मी ओळखते. ती गल्ली तुम्ही का ओलांडली नाहीत?"

लाविनियानेच हळूच मान डोलावली, तेव्हा फाउस्तोंनी सगळं सांगितलं. कासव, गोगलगाय, रुमाल, सगळं. वैराचं कारण विचारल्यावर, ते माहीत नाही, असंही प्रामाणिकपणे सांगितलं.

एर्मेलिंदाबाईंनी मानेवरचा रुमाल दोन बोटांनी सोडवला.

"आमच्याकडे कार्निव्हलला संत्र्यांची लढाई होते," त्या म्हणाल्या. "चौकाचौकांच्या टोळ्या असतात. हे नाक सरळ होतं पूर्वी. ज्याने संत्रं मारलं त्याच्या चौकातला पाव आमच्या घरात येत नाही. माझ्या लग्नातसुद्धा आला नाही." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "हे तुम्हाला सांगायचं नाही, असं एदोआर्दोने माझ्याकडून वचन घेतलं होतं. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलेला. म्हटलं, इतक्या थंड माणसांच्या घरात मुलगा द्यायचा कसा? लग्न इथेच करू या."

फाउस्तो उठले आणि खणातून आपला लाल-पिवळा रुमाल काढून गळ्यात बांधला, तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला.

आता प्रश्न उरला रेन्झोच्या रुमालाचा. तो धुऊन, वाळवून, परत तर करायला हवा होता. फाउस्तो पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. आता लग्न आळीतच ठरल्यावर लाविनियाही हद्द ओलांडायला तयार नव्हती. दोघांनी एर्मेलिंदाबाईंकडे पाहिलं.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी आता या घरची झाले."

शेवटी खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तो रुमाल टपालाने गेला. कुणाला न सांगता फाउस्तोंनी त्यात लग्नाचं आमंत्रणही घातलं. उत्तर टपालानेच आलं. रेन्झोने मनापासून अभिनंदन केलं होतं आणि खाली लिहिलं होतं: "नक्की आलो असतो, पण रस्ता फार लांबचा आहे."