तलंगीचं अंडं

दिवाळीच्या सुट्टीत उमरठच्या घरी नीला आणि तिचे वडील येसाजी, म्हणजे आबा, एका दारवानापुढे अडले होते. दारवान कॉम्प्युटरमधला होता. नीला आता महाडला शाळेत शिकवायची. ती कॉलेजात असताना दोघांनी अर्धा सोडलेला गेम तिने जुन्या सीडीवरून पुन्हा लावला होता. माउसने वस्तू टिपायच्या, पिशवीत भरायच्या आणि कोडी सोडवत किल्ल्यात शिरायचं. तेव्हाही ते याच दारात अडले होते.

दारवान विचारायचा, ‘कोण तू?’ खाली तीन उत्तरं यायची: वाटसरू, व्यापारी, राजाचा मित्र. कुठलंही टिपलं तरी तो मान हलवायचा.

“अगो, कोणाची ते सांग ना त्याला!” आबा म्हणाले.

“आबा, तसं उत्तरच नाहीये यात.”

“नाय? मग काय उघडतोय तो दार!”

त्या भागात माणसाला आधी तेच विचारत. नीलाला मात्र कधी उत्तर द्यावं लागलं नव्हतं. बाजारात, एस्टीत, लग्नात कोणी “कोणाची गो तू?” म्हटलं, की आबाच मागून पुढे होत, “माझी धाकटी.”

तेवढ्यात पडद्यावरचा बाण अडखळू लागला. आबांनी माउस उलटा करून आतली रबरी गोळी काढली, साबणाने धुतली आणि ओटीवरच्या सुपात वाळत ठेवली. सुपात नीलाच्या आईने, प्रयागबाईंनी, राखेतून काढलेली अंडी होती. आबा चहा पिऊन येईपर्यंत सूप रिकामं झालं होतं.

“अगो, हितली गोळी?”

“कसली गोळी? अंडी व्हती. खुडूक कोंबडीखाली ठेवली.”

“करड्या रंगाची, बारकी...”

“ती व्हय! मला वाटलं तलंगीचं, त्या कवळ्या कोंबडीचं, पहिलं अंडं. राखेत सगळीच करडी दिसतात.”

आबा कोपऱ्यातल्या कोंबडीच्या डालग्यापाशी गेले आणि बोट चोखत परत आले. दुसऱ्यांदा हाताला टॉवेल गुंडाळून गेले. कोंबडीने टॉवेल ठेवून घेतला.

“अवो, बसलेली कोंबडी उठवू नका! अंडी गार पडतील.”

“गेम अडलाय माझा!”

“मग अडू दे. माझी पिल्लं नाय अडायची.”

मग आबांनी माउसमध्ये सुपारी बसवली. बाण फक्त आडवा पळू लागला. भिजलेला रिठा बसवला, तो फुटला आणि टेबलावर घसरताना माउसमधून फेस आला.

“आबा, आता हा माउस धुवायला लागेल.”

“लागेल कशाला? धुतोयच की तो सोताला.”

नीला हसून हसून खुर्चीवरून खाली बसली. शेवटी आबांनीच हार मानली. “निघू देत पिल्लं. मग बघतो दारवानाकडं.”

दुसऱ्या दिवशी आबा भात कापायला शेतावर गेले आणि बांधावरच कोसळले. त्यांना माणसांनी उचलून घरी आणलं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. त्यानंतर एका सकाळी डालग्यातून चिवचिव ऐकू आली. प्रयागबाईंनी पिल्लं पदरात घेतली आणि तळाशी उरलेली गोळी नीलाच्या हातावर ठेवली. ती उबदार होती.

“ह्यातनं काय निघालं नाय,” त्या म्हणाल्या आणि तशातही दोघी हसल्या.

नीलाने गोळी पुसून माउसमध्ये बसवली. बाण सुरळीत चालला. गेम आबांनी सोडला तिथेच उघडला. दारवान समोर आला. ‘कोण तू?’ खाली तीच तीन उत्तरं.

नीलाने बाण एकेका उत्तरावर नेला, टिपलं एकही नाही.

“काय करतेस गो?” ओटीवरून आईने विचारलं.

“दारवान विचारतोय, कोण म्हणून.”

“मग सांग की त्याला.”

नीलाने माउसवरचा हात काढला. मागे वळून पाहायची जुनी सवय होती. पण तिने पाहिलं नाही.

“येसाजींची,” ती मोठ्याने म्हणाली. “उमरठच्या येसाजींची धाकटी.”