जेवता कोनासंगं?

वानखडे सिस्टर माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पाय. पेशंट असो, त्याला घेऊन आलेला भाऊ असो, नाहीतर औषधांची बॅग घेऊन आलेला टायवाला प्रतिनिधी असो, सिस्टरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पाय दाखवा."

दवाखान्यापुरतं असतं तर ठीक होतं. आमच्या कंपाउंडरच्या लग्नाला आम्ही सगळे अकोल्याहून अमरावतीला गेलो होतो. नवरीचे मोठे काका स्टेजवरून उतरताना पाय जरा वाकडा टाकत होते. सिस्टर तशाच पुढे गेल्या आणि त्यांच्यापुढे वाकल्या. काकांना वाटलं, बाई पाया पडतेय. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि भरघोस आशीर्वाद दिला. सिस्टर खालूनच म्हणाल्या, "आशीर्वाद राहू द्या, मोजा काढा."

काकांनी अख्ख्या वऱ्हाडासमोर बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याखाली जखम होती आणि बुटात एक सुपारी निघाली. सकाळपासून काका त्या सुपारीवर चालत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. शुगरनं पाय बधिर झाले होते. सिस्टरनी तिथंच, मंगल कार्यालयाच्या खुर्चीवर, त्यांचा पाय मांडीवर घेऊन जखम धुतली. जेवायला बसल्या तेव्हा पंगत उठली होती.

मी त्या शुगरच्या दवाखान्यात तेव्हापासून लॅब टेक्निशियन आहे. मी रक्त काढायची, डॉक्टर औषध लिहायचे आणि मग पेशंटला मागच्या खोलीत सिस्टरकडे पाठवायचे. त्या खोलीला पेशंट 'शाळा' म्हणायचे. सिस्टर रिटायर झाल्यावर तिथं भिंतीवर टीव्ही लावलाय. त्यात एक हसरी बाई दिवसभर आहार सांगते. तिला कोणी काही विचारत नाही, आणि तीही कोणाला रागवत नाही. तिच्यासमोरून जाताना मला दर वेळी सिस्टरचा आवाज आठवतो. तो आवाज लॅबमध्येच काय, रस्त्यावर रसवंतीपर्यंत ऐकू जायचा.

सिस्टर मूळच्या हिवरखेडच्या. बोलणं रोखठोक. "रोडगा एक. दुसऱ्याकडं पाहाचंबी नाही." "चहात साखर नाही टाकत म्हणता, अन् संगं खारीचा पुडा कोन खाते, शेजारी?" एका शिक्षकांनी विचारलं, "सिस्टर, सणासुदीला पुरणपोळी चालेल का?" सिस्टर म्हणाल्या, "चालन की. तुमी बी तिच्यामांगं चाला, पोळी जिरेपर्यंत."

इन्शुलिन टोचायला त्या संत्र्यावर शिकवायच्या. लोक सुईला घाबरायचे. हातात सिरिंज धरून बसायचे आणि संत्र्याकडे असे बघायचे, जणू तेच ओरडणार आहे. सिस्टरकडे त्यावर उपाय होता. "ज्याचा राग येते ना, त्याचं नाव घ्या मनात. अन् टोचा." हा उपाय कधी फसला नाही. एक सून सासूला घेऊन आली होती. सासूनं संत्र्यात सुई अशी खुपसली की सिस्टर म्हणाल्या, "माय वो! आता सुनेकडं पाहू नका, तिले समजन."

पण त्या खोलीत नुसतं हसूच नव्हतं. नवीन पेशंट आला, की सिस्टर आधी दार लोटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "रडाचं असन तं आधी रडून घ्या. मंग भाकरीचं बोलू." धडधाकट माणसं रडायची. कापसाच्या गाठी खांद्यावर उचलणारी माणसं. कोणाला वाटायचं, आपण काहीतरी पाप केलं. कोणी घरात सांगितलेलंच नसायचं. सिस्टर मध्ये बोलायच्या नाहीत. पंखा वाढवायच्या आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवायच्या. दुसऱ्या खेपेला तोच माणूस बूट दारात काढून, पाय पुढे करून हसत बसलेला असायचा.

आम्हा स्टाफलाही त्यांनी सोडलं नव्हतं. कोणाच्या घरी कोणाचं पटत नाही, कोणाची पोरगी परीक्षेच्या वेळी जेवत नाही, सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्याबद्दल मात्र आम्हाला एवढंच माहीत होतं, की लग्न केलं नाही, भाऊ-भावजय गावी असतात आणि डबा त्या एकट्या शाळेच्या खोलीत बसून खातात. कामाची बाई, कामातच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग नजीरचाचांचं झालं.

नजीरचाचांचं कापडाचं दुकान होतं. सिस्टरचे जुने विद्यार्थी. स्वतःची सुई स्वतः घ्यायचे, वर नवीन लोकांना धीर द्यायचे, "अरे, मच्छर इससे ज्यादा काटता है." बरेच दिवस ते आले नव्हते. आले तेव्हा मी ओळखलंच नाही. सदरा खांद्यावर लोंबत होता. दुकानातल्या माणसानं धरून आणलं होतं. मी रक्त तपासलं आणि आकडा बघून धावतच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी लगेच ॲडमिट करायला सांगितलं.

ॲम्ब्युलन्स यायची होती. तेवढ्या वेळात सलाईन लावता लावता सिस्टरनी विचारलं, "चाचा, सुई बंद केली?"

चाचांनी मानेनंच हो म्हटलं.

मला वाटलं, आता सिस्टर रागावणार. सुई चुकवणाऱ्याला त्या सोडत नसत. पण त्या स्टूल ओढून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जेवता कोनासंगं?"

चाचा म्हणाले, "किसके साथ, सिस्टर? वो गई ईद के बाद. दस्तरखान बिछाने का मनच नहीं होता. आपनेच तो सिखाया था, खाना नहीं तो सुई नहीं लेना. खाना बंद हुआ, तो सुई भी बंद."

चाची गेल्याचं आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. सिस्टरनी चाचांचा हात धरला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही.

चाचा वाचले. घरी आले. डॉक्टरांनी औषधं नव्यानं बसवून दिली. पुढच्या तपासणीला आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. चाचांच्या गालावर मांस दिसायला लागलं. मी सिस्टरना विचारलं, "काय जादू केली?" तर म्हणाल्या, "काही नाही वं. फोन करतो अधूनमधून."

ते अधूनमधून म्हणजे काय, ते मला एका संध्याकाळी कळलं. दवाखान्याची किल्ली चुकून माझ्या पर्समध्ये आली होती, ती द्यायला मी त्यांच्या राहत्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. सिस्टर खाली ताट घेऊन बसल्या होत्या. समोर पाण्याचा तांब्या, आणि तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. मोबाईलमधून चाचांचा आवाज येत होता.

"आज क्या बनाया?"

"पातोडीची भाजी. तुमी?"

"दाल-चावल. चावल कम लिया है, डांटना मत."

"सुई घेतली?"

"ली, ली. अब खाओ, ठंडा हो रहा है आपका."

सिस्टरनी घास घेतला. तिकडे चाचांनीही घेतला असावा, कारण दोघंही गप्प झाले. मला बघितल्यावर सिस्टर अशा लाजल्या, की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. "रोजचंच हाये," त्या पुटपुटल्या. "थे एकटे जेवत नाहीत."

पुढे उन्हाळ्यात चाचांची मुलगी आली आणि त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाण्याआधी दोघं दवाखान्यात आले. सिस्टरनी मुलीला सुई, जेवण, पाय, सगळं पुन्हा समजावलं. चाचा म्हणाले, "अब फोन की तकलीफ नहीं, सिस्टर. इसके बच्चे, मेरे नवासे, साथ में बैठेंगे खाने को." सिस्टर म्हणाल्या, "लय चांगलं झालं चाचा. लय चांगलं." त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आल्या आणि दिवसभर नेहमीसारख्या लोकांना रागवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी जेवून, ताटं धुवून ओटा पुसत होते. फोन वाजला. सिस्टर.

"जेवली काय वं, वैशू?"

'हो' ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिकडे भांड्याचा आवाज झाला. ताट फरशीवर ठेवल्याचा.

"नाही सिस्टर," मी म्हटलं. "आत्ता बसतेच आहे."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी धुतलेलं ताट परत घेतलं, डब्यातली अर्धी भाकर आणि उरलेली भाजी वाढली आणि फोन कानाला धरून खाली बसले.

"काय हाये आज?" सिस्टरनी विचारलं.

"भाकर. आंबाडीची भाजी."

"माय! म्याबी तेच केलं." आवाज एकदम मोकळा झाला. "खाय मंग. सावकाश खाय, घाई नोको करू."