येईल त्याला हो म्हण

प्रत्येक कुटुंबाला एक तज्ज्ञ लागतो, आणि त्याची नेमणूक अत्यंत पारदर्शक पद्धतीने होते. कुणाचा तरी प्रिंटर चालत नसतो, घरातला एकजण त्याची निसटलेली वायर परत खोचतो, आणि त्या क्षणापासून तो तहहयात पदावर रुजू होतो. राजीनाम्याची सोय नाही. (वायर मुळात त्याच्याच पायाने निसटली होती का, याची चौकशी करण्याची पद्धत नाही.)

या कथेतला तज्ज्ञ याच राजमार्गाने पदावर आला होता. पोटापाण्यासाठी तो दुकानांतले वजनकाटे तपासायचा, पण नात्यात त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणूनच हाक मारायचे आणि त्यालाही ते मनापासून पटलेलं होतं. त्याच्या अनुभवानुसार कॉम्प्युटरचे साठ टक्के बिघाड बंद करून परत चालू केल्याने बरे होतात. तीस टक्के आपोआप बरे होतात. उरलेले दहा टक्के दुरुस्तीमुळे झालेले असतात, पण तोवर चहा पिऊन झालेला असतो आणि तज्ज्ञ घरी गेलेला असतो.

मावशीचा कॉम्प्युटर मात्र यांपैकी कशालाच दाद देईना. सकाळी बटण दाबून ती आंघोळीला जायची, तरी परत आल्यावर स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतच असायचं. तज्ज्ञाने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि निदान केलं. "सगळं पुसून पहिल्यापासून टाकायला लागेल."

"सगळं?" मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण त्या कॉम्प्युटरमध्ये तिचा आवाज होता. तज्ज्ञाची आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. तिची दृष्टी गेली तेव्हापासून मावशी तिच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत आली होती. आईजवळच्या ऐकायच्या यंत्रात एका वेळी एकच पुस्तक मावायचं. नवं भरलं की जुनं जायचं, म्हणून सगळी जुनी पुस्तकं मावशीच्या कॉम्प्युटरमध्येच राहायची. सध्या दीपगृहावरच्या एका कुटुंबाची जाडजूड कादंबरी चालू होती. अर्धी आईने ऐकली होती, उरलेली वाचून तयार होती आणि आई खिडकीशी बसून तिचीच वाट बघत होती.

"घाबरू नकोस," तज्ज्ञ म्हणाला. "डिस्कचे दोन भाग असतात. पहिला पुसायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तुझी पुस्तकं दुसऱ्यात आहेत."

"दुसरीकडे कुठे काढून ठेवूया का आधी?"

"कशाला? त्याला आपण हातच लावणार नाही ना!" (या युक्तिवादात आजवर कुणालाही खोट काढता आलेली नाही. जे घडणार नाही त्याची तयारी करणं म्हणजे तज्ज्ञावर अविश्वास.)

हात न लावणं हे तर त्याचं ब्रीदच होतं. शिकवताना तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. "मी करून दिलं तर तू शिकणार कधी?" असं एकदा म्हटलं, की मदत करणाऱ्याला काहीच न करता उपकार करता येतात.

पेनड्राइव्ह लागला, स्क्रीन निळी झाली आणि पहिल्या पायरीवरच गाडी अडली. झालं असं, की स्क्रीनवर अटी व शर्ती आल्या आणि मावशी त्या वाचायला लागली.

आता याला चूक म्हणावं, तर तिचा स्वभावच तसा. इतकी वर्षं बहिणीसाठी वाचून वाचून अक्षरं दिसली की ती मोठ्याने वाचायची, आणि एकही शब्द गाळायची नाही. पुस्तकाच्या मागे छापखान्याचा पत्ता असला, तर तोसुद्धा आईला ऐकायला मिळायचा. पायाखाली स्टूल घेऊन, घसा खाकरून तिने सुरुवात केली.

"'वापरणाऱ्याच्या कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही, अशा नुकसानीची कंपनीला पूर्वकल्पना असली तरीही.' अरे, पूर्वकल्पना असली तरीही?"

"मावशी, ते कोणी वाचत नाही."

"मग लिहितात कशाला?"

"लिहावं लागतं म्हणून. खाली चौकोन आहे बघ, त्यात खूण कर. 'मला मान्य आहे.'"

"पण मला हे मान्य नाहीये."

"मान्य नसेल तर पुढे जाता येत नाही."

"मग विचारतात कशाला?"

तज्ज्ञाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. या अटी अमान्य करून पुढे गेलेल्यांचं प्रमाण शून्य टक्के आहे. एवढा एकमुखी पाठिंबा मिळवणारा दुसरा मजकूर जगात नसेल, आणि त्यावरून त्या अटी किती न्याय्य आहेत हे उघड होतं. मावशी एकटी त्या एकमताला गालबोट लावत होती. अकराव्या कलमापाशी ती परत थांबली, तेव्हा त्याने हात टेकले.

"हे बघ, शिकणारा आणि ज्याला येतं तो, यांत फरक एवढाच. शिकणारा वाचत बसतो. ज्याला येतं तो पुढे जातो. येईल त्याला हो म्हण."

मावशीने खूण केली. मग भाषा विचारली गेली, तिने हो म्हटलं. घड्याळ विचारलं गेलं, त्यालाही हो म्हटलं. तिचा वेग वाढत गेला, मान ताठ झाली, वाचणं कमी होत होत थांबलंच. तज्ज्ञाला भरून आलं. त्याच्या आजवरच्या शिकवण्याला इतकं झटपट फळ कधीच आलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या सासऱ्यांचा फोन आला. त्यांचा प्रिंटर चालत नव्हता.

"पहिला भाग पुस, येईल त्याला हो म्हण, मी आलोच," असं सांगून तज्ज्ञ गॅलरीत गेला.

मावशीने पहिला भाग निवडला. 'यातील सर्व माहिती कायमची नष्ट होईल. खात्री आहे?' अशी पाटी आली. तिने हो म्हटलं. यादीत आणखी एक भाग उरला होता. उरलाय म्हणजे पुसायचा राहिला असेल, असं म्हणून तिने तोही निवडला. तीच पाटी परत आली. त्या दिवशीच्या साऱ्या मजकुरात वाचण्यासारखी अशी ही एकच ओळ होती. मावशीने ती न वाचता हो म्हटलं.

"झालं बरं का!" ती आतून ओरडली. आवाजात अभिमान होता.

तज्ज्ञ आला, त्याने स्क्रीन पाहिली आणि त्याचं धाबं दणाणलं. तेव्हा मात्र त्याने ब्रीद मोडून हात लावला. पुस्तकं परत येतात का हे बघायला त्याने सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून टाकलं. (तोवर ती परत येण्याची थोडीफार शक्यता होती.) त्याला लाज वाटली, अगदी खरोखरची. पण तज्ज्ञपदावरच्या माणसाला लाज फार वेळ बाळगता येत नाही.

"स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं होतं, मावशी," तो म्हणाला. "वाचायचं ना."

मावशीने पायाखालचं स्टूल बाजूला सरकवलं.

संध्याकाळी तिने बहिणीला सांगितलं. "ताई, सगळं गेलं गं. माझ्या हातून पुसलं गेलं."

आईने चाचपून खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "गेलं तर गेलं. दीपगृहातली ती मुलगी परत येते का, तेवढं वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी मावशीने कादंबरी वाचनालयातून पुन्हा आणली आणि वाचायला बसली. कॉम्प्युटर आता झपाट्याने चालत होता. मावशीही. उरलेली कादंबरी, जी वाचायला पूर्वी तिला अख्खा उन्हाळा लागला होता, ती तिने आठवडाभरात संपवली.

आईने ती शेवटपर्यंत ऐकली. मुलगी परत आली. यंत्र बंद करून आई म्हणाली, "मधे काहीतरी सुटल्यासारखं वाटलं गं. ती एकदम दारातच. जिना चढली असेल, वारा असेल, वर दिवा असेल. ते नव्हतं का काही?"

"नुसतं वर्णन होतं, ताई," मावशी म्हणाली. "ते कोणी वाचत नाही."

"बरं," आई म्हणाली. (तिला चौकोनात खूण करणं शक्य नव्हतं, पण 'बरं' हीसुद्धा रीतसर संमतीच धरली जाते.) तज्ज्ञ तिथेच बसला होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

काही वाचकांना आईचं वाईट वाटेल. जरूर वाटावं. मात्र मुलगी परत येते की नाही हे बघायला ज्यांनी मधला मजकूर भराभर नजरेखालून घातला आणि कंसांना तर हातच लावला नाही, त्यांना याबाबत कोणतीही तक्रार करता येणार नाही. ते इथवर पोचले आहेत, त्याअर्थी त्यांना सगळं मान्य आहे असं समजण्यात येत आहे.